जबड्याची गाठ आणि आफ्रिकेचा नकाशा

युगांडा हे नाव आपल्या लोकांच्या इतिहासात दोनदा मोठ्या अक्षरांत लिहिले गेले. पहिल्यांदा १९०३ साली. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने थिओडोर हर्झल यांना पूर्व आफ्रिकेत यहुदी वसाहतीसाठी जमीन देऊ केली आणि बासेल येथील सहाव्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये त्यावरून फूट पडण्याची वेळ आली. दुसऱ्यांदा १९७६ च्या जुलै महिन्यात. त्या वेळी आपले सैनिक एन्टेबेच्या विमानतळावर उतरले आणि ओलिसांना घेऊन परत आले. ती रात्र आपल्यापैकी बहुतेकांना अजून आठवते.

या दोन घटनांच्या मधल्या काळात त्याच युगांडात, त्याच एन्टेबेच्या आसपास, आणखी एक गोष्ट घडली. तिच्यात तोफा नव्हत्या, ठराव नव्हते. एका लहान मुलाचा सुजलेला जबडा, एक सर्जन, एक जुनी मोटारगाडी आणि आफ्रिकेचा एक नकाशा एवढेच तिचे भांडवल होते. पण त्या गोष्टीमुळे कर्करोग ओळखण्याची वैद्यांची रीत बदलली आणि पुढे हजारो मुले जगली. तिच्यात आपल्या लोकांचाही हात लागला आहे. म्हणून ती येथे सांगतो.

एका डोळ्याचा सर्जन

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलन गावी झाला. अकरा वर्षांचे असताना मुलांच्या मारामारीत एक दगड चष्म्यावर बसला आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते इंजिनीयर व्हायला गेले होते. तेथे मन बदलले आणि ते वैद्यक शिकून १९३५ साली डॉक्टर झाले. पुढे सर्जनची परीक्षा दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय खात्यात असताना त्यांनी आफ्रिका पाहिली आणि युद्ध संपताच १९४६ साली सरकारी नोकरी घेऊन युगांडात आले. माणूस अतिशय धार्मिक. बायबल वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

पहिली नेमणूक लिरा नावाच्या आडगावी झाली. तेथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जिल्ह्याच्या एका भागातून अंडवृद्धीचे रोगी पुष्कळ येत आणि दुसऱ्या भागातून जवळजवळ कोणी येत नसे. दुसरा एखादा डॉक्टर ऑपरेशने करीत राहिला असता. बर्किट यांनी रोगी कोठून येतात त्याची नोंद ठेवली आणि ती छापूनही आणली. रोगाला जसे लक्षण असते तसे त्याला गावही असते, ही समज त्यांना तेव्हा आली. ती पुढे कामी पडणार होती.

१९४८ पासून ते कंपालाच्या मुलागो इस्पितळात सर्जन होते.

१९५७ : मुलागो आणि जिंजा

१९५७ साली मुलागोच्या मुलांच्या विभागातील डॉक्टर ह्यू ट्रोवेल यांनी बर्किट यांना एक मूल पाहायला बोलावले. वय पाच वर्षांच्या आसपास. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला. सूज जबड्याच्या डाव्या बाजूला होती, तशीच उजव्याही बाजूला. खालच्या जबड्यात होती, तशीच वरच्याही. दात हिरड्यांत हलत होते.

दाढ किडली, पू झाला, जबडा सुजला, असे आपण नेहमी पाहतो. पण तशी सूज एका बाजूला असते. हाडाचा कर्करोगही एका जागी सुरू होतो. चारी कोपऱ्यांत एकाच वेळी काय येईल? बर्किट यांना उत्तर सुचले नाही. त्यांना फोटो काढण्याचा छंद होता. त्यांनी मुलाचा फोटो काढून ठेवला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते जिंजाच्या इस्पितळात गेले होते. जिंजा म्हणजे नाईल नदी जेथे व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते ते गाव. कंपालापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. तेथे खिडकीतून बाहेर पाहताना हिरवळीवर आईजवळ बसलेले एक मूल त्यांना दिसले. तसाच चेहरा! ते धावत बाहेर गेले. या मुलाच्याही जबड्याच्या चारी भागांत सूज होती. पोट तपासले तर पोटातही गाठी लागल्या.

एकदा घडले तर ते नवल. दुसऱ्यांदा घडले तर तो रोग. बर्किट यांनी आई आणि मूल दोघांना आपल्या गाडीतून कंपालाला आणले आणि त्या दिवसापासून जुने कागद उपसायला सुरुवात केली.

एक रोग, अनेक नावे

कागदांत काय होते? जबडा सुजलेली मुले मुलागोत नेहमीच येत होती. त्यांच्या कागदावर ‘जबड्याच्या हाडाचा सार्कोमा’ असे लिहिलेले असे. डोळा बाहेर आलेले मूल आले, तर डोळ्याचा कर्करोग म्हणून नोंद होई. पोटात गाठ असेल तर मूत्रपिंडाचा, मुलगी असेल तर कधी अंडाशयाचा. पाय लुळे पडलेली मुलेही येत, कारण गाठ पाठीच्या कण्यात शिरून मज्जारज्जू दाबत असे. प्रत्येक मूल ज्या विभागात गेले त्या विभागाने आपापले नाव दिले.

मुलागोचे पॅथॉलॉजिस्ट जॅक डेव्हिस यांच्याकडे शवविच्छेदनाच्या नोंदी नीट जपून ठेवलेल्या होत्या. त्यांत सत्य लिहिलेले होते. जबड्याच्या गाठीने दगावलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांत, यकृतात, अंडाशयांत तशाच गाठी सापडत होत्या. हे पाच रोग नव्हते, एकच रोग पाच दारांनी आत येत होता. त्यांपैकी सर्वांना दिसेल असे दार म्हणजे जबडा.

हा रोग नवीनही नव्हता. कंपालाच्या मेंगो इस्पितळाची स्थापना १८९७ साली करणारे मिशनरी डॉक्टर आल्बर्ट कुक यांच्या जुन्या वह्यांत अशा मुलांची टिपणे आहेत. म्हणजे साठ वर्षे डॉक्टर ही मुले पाहत होते. पाहणे आणि ओळखणे यांत किती अंतर असते ते यावरून समजते.

१९५८ साली बर्किट यांनी इंग्लंडच्या सर्जन लोकांच्या नियतकालिकात ३८ मुलांची हकिकत छापली. रोगाला त्यांनी जबड्याचा सार्कोमा म्हटले, कारण त्या वेळी तेवढेच सांगता येत होते. त्या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दूरच्या वसाहतीतील एका सर्जनने काही मुलांचे फोटो छापले, एवढेच लोकांना वाटले असावे.

काचेवरचे तारांगण

सार्कोमा हे नाव खोडून खरे नाव लिहिण्याचे काम सूक्ष्मदर्शकाने केले. मुलागोत आलेले अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज ओकॉनर यांनी डेव्हिस यांच्याबरोबर मुलांच्या सगळ्या कर्करोगांचे नमुने काढून पुन्हा तपासले. गाठ जबड्यातली असो की पोटातली, पेशी एकच होती. ती हाडाची पेशी नव्हती. ती रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशीच्या कुळातली होती. म्हणून हा लिम्फोमा. आणि मुलागोत मुलांना होणाऱ्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्मे हेच होते.

ही पेशी काचेवर कशी दिसते त्याचे वर्णन वैद्यकाच्या पुस्तकांत फार सुंदर केले आहे. गडद रंगाच्या, एकसारख्या, दाटीने बसलेल्या पेशी म्हणजे रात्रीचे आकाश. त्यांत मधूनमधून मोठ्या फिकट पेशी, ज्या मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करतात, त्या म्हणजे तारे. डॉक्टर लोक याला ‘तारांकित आकाश’ म्हणतात. सौंदर्य वर्णनात आहे. रोग मात्र क्रूर आहे. माणसाच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणाऱ्या गाठी थोड्याच. एकदोन दिवसांत तिच्या पेशी दुप्पट होतात. सोमवारी आईला वाटते दाढ सुजली आहे. पुढच्या शब्बाथपर्यंत डोळा झाकला जातो.

निदान करणाऱ्यांना आणखी एक खूण सापडली. ती एक्स-रेमध्ये दिसते. निरोगी दाताच्या मुळाभोवती हाडाची एक बारीक पांढरी रेघ असते. या रोगात चेहरा सुजण्याच्या आधीच ती रेघ पुसली जाऊ लागते. मग दाताला आधार उरत नाही आणि फोटोत दात जणू पाण्यावर तरंगताना दिसतात. हिरडी चांगली, कीड नाही, तरी दात हलतो. अशा मुलाचा दात उपटून उपयोग नाही. त्याचा एक्स-रे काढायचा, गाठीचा तुकडा तपासायला पाठवायचा आणि पोटावरून हात फिरवायचा. तीनही कामे झाली तरच निदान पुरे झाले.

पंचवीस पौंड आणि एक जुनी फोर्ड

बर्किट यांच्या मनात मात्र लिराचा धडा होता. हे मूल कोठून आले?

त्यांनी २५ पौंडांचे अनुदान मिळवले. त्या पैशांत रोग्यांच्या फोटोंसह पत्रके छापून घेतली आणि आफ्रिकाभरच्या सरकारी व मिशनच्या इस्पितळांना पाठवली. प्रश्न साधा होता. असे मूल तुमच्याकडे येते का? उत्तरे येऊ लागली तशी ते भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावीत गेले. टाचण्यांनी एक पट्टा तयार झाला. तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी आफ्रिकेच्या मध्यातून आडवा जात होता आणि पूर्व किनाऱ्याने त्याचे एक शेपूट मोझांबिककडे खाली उतरले होते. दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या इस्पितळांत मात्र हा रोग कोणाला माहीत नव्हता.

मग ही रेघ नेमकी कोठे संपते? ते पत्राने कळणार नव्हते. ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्किट निघाले. बरोबर टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन मिशनरी डॉक्टर होते. विल्यम्स यांना गाडी दुरुस्त करता येत असे आणि त्या रस्त्यांवर ती विद्या वैद्यकाइतकीच गरजेची होती. गाडी म्हणजे २५० पौंडांना घेतलेली जुनी फोर्ड स्टेशन वॅगन. दहा आठवडे, दहा हजार मैल, वाटेतील प्रत्येक इस्पितळ. सगळीकडे तेच फोटो काढून दाखवायचे आणि तोच प्रश्न विचारायचा.

परत आले तेव्हा कोडे उलगडण्याऐवजी वाढले. विषुववृत्ताजवळ सुमारे पाच हजार फुटांच्या वर हा रोग आढळत नव्हता. दक्षिणेला जावे तशी ही उंचीची मर्यादा खाली येत होती. ऱ्होडेशियात ती सुमारे तीन हजार फुटांवर आली होती, स्वाझीलँडमध्ये एक हजारावर. उंचीचा आणि जबड्याचा काय संबंध?

येथे एन्टेबे पुन्हा येते. एन्टेबेला पूर्व आफ्रिकेची विषाणू संशोधन संस्था होती आणि तिचे प्रमुख अलेक्झांडर हॅडो कीटकांचे जाणकार होते. त्यांनी नकाशा पाहून सांगितले की ही उंची नाही, हे हवामान आहे. जेथे थंडीत पारा सुमारे १६ अंश सेल्सियसच्या खाली उतरतो किंवा जेथे वर्षाचा पाऊस वीस इंचांहून कमी पडतो, तेथे हा रोग नाही. ऊब आणि पाणी मागणारा जीव कोणता? डास. कर्करोगाचा नकाशा आणि डासांचा नकाशा एकमेकांवर बसत होते.

भूगोलाचा नाद असलेल्या माझ्यासारख्याने हा नकाशा पाहिला की आणखी एक गोष्ट नजरेत भरते. हर्झल यांना जी जमीन देऊ केली होती तिला ‘युगांडा योजना’ म्हणतात खरे. पण तो उआसिन गिशूचा पठारी मुलूख आज केनियात आहे आणि तो सहा हजार फुटांहून उंच आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांना अशीच थंड पठारे पसंत होती. म्हणजे तेथे यहुदी वसाहत झाली असती, तर ती या रोगाच्या रेषेच्या वर राहिली असती. खाली सरोवराकाठी राहणाऱ्या आफ्रिकन आईच्या वाट्याला मात्र ते भाग्य नव्हते. एकाच देशात कोणाचे मूल आजारी पडते आणि कोणाचे नाही, हे पुष्कळदा जमिनीच्या उंचीवरही ठरते.

धुक्यामुळे उशिरा आलेली बाटली

मोठ्या सफरीवर निघण्याआधी, २२ मार्च १९६१ रोजी, बर्किट रजेवर लंडनला असताना त्यांनी मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये एक व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टीन नावाचे तरुण पॅथॉलॉजिस्ट होते. १९२१ साली लंडनच्या यहुदी घरात जन्मलेले. कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या एका विषाणूवर ते काम करीत होते. उष्ण आणि ओल्या मुलखातच होणारा कर्करोग, हे ऐकताच त्यांच्या मनात आले की यामागे विषाणू असला पाहिजे. व्याख्यानानंतर ते बर्किट यांना भेटले आणि थोड्याच आठवड्यांत कंपालाला जाऊन आले.

त्यानंतर युगांडाहून लंडनला विमानाने गाठींचे नमुने जाऊ लागले. जवळजवळ तीन वर्षे एप्स्टीन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते पाहत राहिले. विषाणू दिसला नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये लंडनवर दाट धुके पडले आणि नमुना घेऊन येणारे विमान मँचेस्टरकडे वळवावे लागले. बाटली प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर झाला. आतले पाणी गढूळ झाले होते. गढूळ म्हणजे जंतू पडले, नासले, फेकून द्या, असा शिरस्ता. एप्स्टीन यांनी फेकण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू नव्हते. प्रवासात हलून गाठीच्या पेशी सुट्या झाल्या होत्या आणि पाण्यात मोकळ्या तरंगत होत्या. जिवंत, निरोगी दिसणाऱ्या. मग त्यांनी पेशी तशाच सुट्या वाढवायला घेतल्या आणि त्या वाढल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या वाढवलेल्या पेशींत विषाणू दिसला. २८ मार्च १९६४ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एप्स्टीन, त्रिनिदादचे बर्ट अचाँग आणि आयरिश संशोधिका यव्हॉन बार या तिघांच्या नावे ती बातमी आली. माणसाच्या कर्करोगाशी संबंध जुळलेला तो पहिला विषाणू. त्याला एप्स्टीन-बार म्हणतात. एप्स्टीन यांना दीर्घायुष्य लाभले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये १०२ वर्षांचे होऊन वारले.

या कामात दुसरे एक यहुदी नाव आहे, स्टॉकहोमचे जॉर्ज क्लाइन. आफ्रिकेतून विमानाने आलेल्या गाठींवर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी इव्हा यांनी अनेक वर्षे संशोधन केले. क्लाइन मूळ बुडापेस्टचे. १९४४ साली ते अठरा वर्षांचे असताना तेथील यहुदी कौन्सिलच्या कचेरीत काम करीत. ऑशविट्झमधून निसटलेल्या दोघा कैद्यांनी दिलेला अहवाल तेथे त्यांच्या वाचण्यात आला. त्यांनी तो नातलगांना सांगितला. नातलगांनी विश्वास ठेवला नाही. चुलत्यांना तर राग आला. क्लाइन यांनी विश्वास ठेवला आणि वेळ येताच पळून लपले, म्हणून वाचले. समोर आलेला पुरावा नको असला तरी खरा मानायचा, हे त्यांना प्रयोगशाळेत जाण्याआधी शिकावे लागले होते.

नाव बरोबर पडले म्हणून

आता विचाराल की नाव सार्कोमा की लिम्फोमा, याने त्या मुलाला काय फरक पडला? सगळा फरक त्यातच होता.

हाडाचा सार्कोमा म्हटला की सर्जनच्या हाती सुरी येते. अर्धा जबडा कापावा लागतो. या मुलांना ते ऑपरेशन म्हणजे व्यर्थ यातना होत्या, कारण रोग पोटातही होता आणि तो कापून संपणारा नव्हता. लिम्फोमा म्हटला की विचार औषधाकडे जातो. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कर्करोग तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट हे औषध आफ्रिकेत आणून दिले. बर्किट यांनी कंपालात आणि इतरांनी नैरोबीत ते वापरले. काही दिवसांत चेहरे ओळखू येऊ लागले. पुढे सायक्लोफॉस्फमाइड आणि व्हिन्क्रिस्टीन आली. घर लांब, भाडे नाही, म्हणून काही मुले एकदोनदाच औषध घेऊन गेली ती परत आली नाहीत. ती मेली असतील असे सगळ्यांनी धरले. पुढे शोध घेतला तर त्यांतली काही खेड्यांत धडधाकट खेळताना सापडली. नुसत्या औषधाने गाठीचा कर्करोग बरा होतो, हे जगाला ज्या थोड्या रोगांनी पहिल्यांदा दाखवले त्यांत हा एक. आज घराघरात केमोथेरपी हा शब्द माहीत आहे; त्या शब्दावरचा विश्वास वाढवण्यात युगांडातील या मुलांचा वाटा आहे. आणि ज्या सर्जनने हा रोग शोधला त्याने तो शोधून स्वतःची सुरी खाली ठेवली. हे सोपे नसते.

डासांचे काय झाले? बर्किट यांना वाटले होते की डास तो विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे नेत असेल. तसे नव्हते. एप्स्टीन-बार विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातील बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो मुकाट्याने राहतो. तुमच्या माझ्यातही असण्याचा फार संभव आहे. तरुणांना ताप येऊन मानेत गाठी येतात, त्या आजारामागेही हाच आहे. पण डास अगदीच निर्दोष सुटला नाही. तो हिवताप आणतो. लहानपणी वारंवार हिवताप झाला की शरीराची राखण ढिली पडते आणि त्याच पांढऱ्या पेशींची वाढ भडकते. अशा पेशीत आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाले की वाढीचा लगाम सुटतो. हे गुणसूत्रांचे कोडे १९७० च्या दशकात उलगडत गेले. विषाणू, हिवताप आणि ही अदलाबदल, तिन्ही जुळले तर रोग. आफ्रिकेबाहेरही तो क्वचित होतो, पण तेथे जबड्यात कमी आणि पोटात जास्त. आफ्रिकेत तो अजून आहे, औषधही आहे. मूल इस्पितळात उशिरा पोहोचते, हे दुखणे मात्र तसेच आहे.

आपल्या वयाला यातून काय घ्यायचे

बर्किट यांचा रोग लहान मुलांचा. आपल्या नातवंडांना तो होईल अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. पण निदानाचा धडा आपल्या वयालाही लागू आहे. जबड्याच्या हाडाचे कर्करोग दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच ते दाढेच्या दुखण्याच्या नावाखाली लपतात. म्हातारपणी जबड्यात येणारी वाईट गाठ पुष्कळदा तेथली नसतेच; स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस किंवा मूत्रपिंड यांतून ती तेथे येते. रक्ताच्या मायलोमा या कर्करोगाची खूणही कधी जबड्यात सापडते.

म्हणून काही गोष्टी लक्षात असू द्याव्यात. हिरडी चांगली असून एखादा दात अचानक हलू लागला; काढलेल्या दाताची जागा आठवड्यांमागून आठवडे भरत नाही; कवळी नेहमी नीट बसत होती ती एकाएकी बसेनाशी झाली; खालचा ओठ किंवा हनुवटी दुखण्याशिवाय बधिर झाली. यांतले काहीही झाले तर कुपात होलीममध्ये जाऊन नुसती गोळी मागू नये, एक्स-रे काढायला सांगावे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून जी औषधे आपल्यातील अनेक बायका घेतात, त्यांच्यामुळेही दात काढल्यावर जबड्याचे हाड भरेनासे होऊ शकते. तो कर्करोग नव्हे, पण दात काढण्याआधी दंतवैद्याला त्या औषधाचे नाव सांगणे आपले काम आहे. आणि डॉक्टर एका ठिकाणच्या दुखण्याबद्दल विचारीत असेल, तर दुसऱ्या ठिकाणचे दुखणेही सांगावे. जबडा एका डॉक्टरला दाखवला आणि पोट दुसऱ्याला, यातच साठ वर्षे गेली हे आपण वर पाहिले.

बर्किट १९६० च्या दशकात इंग्लंडला परतले आणि त्यांनी दुसरा प्रश्न घेतला. आफ्रिकेच्या खेड्यांत जे पोटाचे विकार दिसत नाहीत ते इंग्लंडमध्ये घरोघर का? पुन्हा पत्रे, पुन्हा नकाशे. या वेळी उत्तर ताटात आहे असे त्यांनी मांडले : दळताना आपण धान्याचा कोंडा काढून टाकतो. जगाला चोथ्याचे महत्त्व पटवणारे डॉक्टर म्हणून लोक त्यांना अधिक ओळखतात. ज्वारी-बाजरीची आणि तांदळाची भाकरी खाऊन वाढलेल्या आपल्या पिढीला ते शिकवायला कोणी लागले नसते. आता पांढऱ्या पावावर वाढणाऱ्या नातवंडांना सांगायला हरकत नाही. बर्किट २३ मार्च १९९३ रोजी वारले. त्यांचे नाव त्या रोगाला कायमचे चिकटले आहे आणि आज जगातल्या कोणत्याही इस्पितळात असे मूल आले, तर डॉक्टर जबड्यावरचा हात काढून आधी पोटावर ठेवतो.